एकच बाग, दोन लॅब, दोन आकडे: ०.०४ की ०.०६?

निफाडकर

राम राम मंडळी. विषय द्राक्ष निर्यातीचा असला तरी प्रश्न शेतीचा नाही, रसायनशास्त्राचा आहे, म्हणून या विभागात टाकतोय.

थॉमसन जातीच्या द्राक्षांचा प्लॉट, युरोपला माल जायचाय. एका बुरशीनाशकाच्या अंशाची तिकडची मर्यादा (एमआरएल) ०.०५ मिग्रॅ प्रति किलो आहे. औषधाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, चर्चा तिकडे भरकटायला नको. पहिल्या लॅबचा रिपोर्ट आला ०.०४, म्हणजे पास. निर्यातदाराने स्वतःच्या समाधानासाठी दुसऱ्या लॅबला नमुना दिला, तिथून आला ०.०६. म्हणजे नापास. दोन्ही लॅब एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त, दोघांकडे कोटीच्या घरातली एलसी-एमएस-एमएस मशीनं (मिश्रणातली रसायनं वेगळी करून वस्तुमानावरून ओळखणारी, मोजणारी).

व्यापारी म्हणतो तिसऱ्या लॅबला पाठवू, तीनपैकी जे दोन जुळतील ते खरे धरू. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?

बापू पिंपळगाव

दोघंही. पैसे मोजा, पाहिजे तो आकडा घ्या. ३० वर्षं बघतोय.

कॉलमवाली

बापू, असले प्रकार कुठेच होत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण इथे कोणाला खोटं ठरवायची गरजच नाही. हेच काम करते म्हणून सांगते, हे दोन्ही आकडे माझ्या लेखी एकच उत्तर आहेत.

निफाडकर, रिपोर्टच्या तळाला ‘मापन अनिश्चितता’ असा बारीक अक्षरातला मजकूर असेल, तो बघा. कीटकनाशक अंशाच्या तपासणीत युरोपीय प्रयोगशाळा सरसकट ±५०% धरतात. ही हवेतून काढलेली टक्केवारी नाही. एकच नमुना अनेक लॅबना वाटून त्यांचे निकाल ताडून पाहायच्या प्रवीणता चाचण्या असतात. त्यांत चांगल्या लॅबांच्या निकालांचं विखुरणं साधारण २५% निघतं (सापेक्ष प्रमाण विचलन). ९५% खात्रीसाठी त्याची दुप्पट, म्हणजे ५०%.

आता तुमचे आकडे. ०.०४ म्हणजे ०.०२ ते ०.०६ यांच्यामध्ये कुठेतरी. ०.०६ म्हणजे ०.०३ ते ०.०९. दोन्ही पट्ट्यांचा बराच भाग सामाईक आहे. फरकाची तपासणी करायची तर दोन अनिश्चिततांचे वर्ग, त्यांची बेरीज, तिचं वर्गमूळ: ०.०२ आणि ०.०३ वरून ०.०३६ येतं. तुमच्या दोन रिपोर्टमधला फरक ०.०२. फरक अनिश्चिततेच्या आतच आहे. म्हणजे या दोन आकड्यांवरून ‘लॅबांचे निकाल वेगळे आहेत’ असं म्हणताच येत नाही.

तारापूरचा

५०%?! आमच्याकडे औषध कंपनीत गोळीच्या औषध-प्रमाण चाचणीला, म्हणजे अ‍ॅसेला २% इकडे तिकडे झालं तर चौकशी बसते. एवढी सूट असेल तर मशीन कशाला, नाणं उडवा.

कॉलमवाली

तारापूरकर, तुमच्या गोळीत औषध किती असतं? वजनाच्या १०%, २०%, ५०%. इथे आपण किलोभर द्राक्षात ०.०५ मिलिग्रॅम शोधतोय, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग.

अमेरिकेच्या एफडीएतल्या (अन्न-औषध प्रशासनातल्या) विल्यम हॉरविट्झ यांनी हजारो आंतर-प्रयोगशाळा निकाल गोळा केले आणि १९८० मध्ये दाखवलं की प्रमाण १०० पटीने उतरलं की लॅबा-लॅबांमधलं विखुरणं दुप्पट होतं. शुद्ध पदार्थ मोजताना २%, एक टक्क्यावर ४%, दहा हजारांत एक असेल तर ८%, दहा लाखांत एक असेल तर १६%. पदार्थ कुठला, मशीन कुठलं याने फार फरक पडत नाही, हा यातला चक्रावून टाकणारा भाग. ०.०५ मिग्रॅ/किलोला हे सूत्र लावलं तर साधारण २५% येतं. पुढे मायकेल थॉम्पसन यांनी दुरुस्ती सुचवली, की १२० पीपीबीच्या (०.१२ मिग्रॅ/किलोच्या) खाली हा आकडा आणखी न वाढवता २२% वर स्थिर धरावा. कसंही धरा, मुक्काम तोच.

चंचुपात्र

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). हॉरविट्झचा आलेख तुतारीसारखा दिसतो म्हणून त्याला ‘हॉरविट्झ ट्रम्पेट’ म्हणतात, एमएस्सीला तोंडपाठ केलं होतं. अर्थ आज कळला.

ऱ्हाईनकाठ

जर्मनीत सरकारी अन्न तपासणीत आहे, पलीकडच्या बाजूचं सांगतो.

आमच्याकडे माल ‘उल्लंघन’ ठरवण्यापूर्वी निकालातून ५०% वजा करतात. उरलेला आकडा मर्यादेच्या वर असेल तरच कारवाई. तुमचे ०.०६ असतील तर ०.०३ उरतात, उल्लंघन नाही. मर्यादा ०.०५ असताना निकाल ०.१० च्या वर जायला हवा. संशयाचा फायदा माल आणणाऱ्याला, असं तत्त्व आहे.

पण म्हणून निश्चिंत होऊ नका. माल पाठवणाऱ्याने हेच गणित उलट करायचं असतं: आपला निकाल अधिक अनिश्चितता मर्यादेच्या आत बसते का? ०.०४ अधिक ०.०२ म्हणजे ०.०६. नाही बसत. म्हणजे तुमचा ‘पास’ रिपोर्टसुद्धा काठावरचा आहे. त्यातून इथल्या काही सुपरमार्केट साखळ्यांच्या स्वतःच्या अटी कायद्याहून कडक असतात, मर्यादेच्या एका ठरावीक अंशापर्यंतच माल घेतात. त्यांना अनिश्चितता वगैरे ऐकवून उपयोग नाही.

निफाडकर

कॉलमवाली ताई, ऱ्हाईनकाठ, धन्यवाद. म्हणजे पास आणि नापास दोन्ही शब्द अर्धवट आहेत तर.

तिसऱ्या लॅबचं काय? समजा ०.०४२ आला. मग ०.०४, ०.०४२, ०.०६. यात ०.०६ वेगळा पडलेला उघड दिसतोय की.

चंचुपात्र

यावर मी बोलतो, माझा शिकवण्याचा विषय आहे.

डोळ्याला वेगळा दिसतो हे खरं. म्हणून डिक्सनची क्यू चाचणी लावू. संशयित आकडा आणि त्याच्या शेजारचा आकडा यांतलं अंतर भागिले एकूण पसारा: (०.०६० − ०.०४२) ÷ (०.०६० − ०.०४०) = ०.९०. तीन निरीक्षणांसाठी ९०% खात्रीचा उंबरठा आहे ०.९४१. आपला क्यू त्याच्या खाली, म्हणजे ०.०६ टाकून देता येत नाही.

तीन आकड्यांमध्ये दोन जवळ आणि एक लांब ही अगदी नेहमीची स्थिती आहे. पूर्ण निर्दोष पद्धतीतून तीन-तीन आकडे उचलत बसलात तरी बरेचदा असंच चित्र दिसेल. आपण त्यात दोन प्रामाणिक आणि एक लबाड बघतो, एवढंच.

आता तिघांची सरासरी ०.०४७, प्रमाण विचलन ०.०११. ९५% विश्वास-पट्टा काढायला टी (मोजक्या नमुन्यांसाठीचा गुणक) लागतो, तीन निरीक्षणांसाठी तो ४.३०. येणारा पट्टा ०.०२० ते ०.०७५. तिसऱ्या लॅबची फी भरून आपण जिथे होतो तिथेच.

अवांतर: ही टी चाचणी काढणारे विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. बार्ली, हॉप्स यांचे मोजकेच नमुने हाताशी, त्यावरून निर्णय घ्यायचे. कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने शोधनिबंध छापू देत नसे, म्हणून १९०८ चा निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आला. मोठमोठ्या आकडेवारीचं संख्याशास्त्र आधीपासून होतं, चार-पाच नमुनेवाल्यांना मात्र कोणी वाली नव्हता.

कॉलमवाली

गणित बरोबर. पण क्यू चाचणी एकाच नमुन्याच्या पुनरावृत्तींसाठी आहे. इथे तीन लॅब, आणि बहुधा नमुनेही वेगळे. निफाडकर, दोन्ही नमुने कोणी काढले, कधी काढले?

निफाडकर

पहिला लॅबचा माणूस येऊन घेऊन गेला, प्लॉटभर हिंडून. दुसरा निर्यातदाराच्या पोराने आठवडाभराने काढला. दोन-तीन घड, पॅकहाऊसच्या रस्त्याकडच्या ओळीतले. नंतर फवारणी झालेली नाही.

कॉलमवाली

घ्या! हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं.

आठवडाभराने अंश कमी व्हायला हवा होता, तो जास्त आला. माझा पहिला संशय मशीनवर नाही, त्या दोन-तीन घडांवर आहे. कडेच्या ओळीला ट्रॅक्टर वळताना दुहेरी फवारा बसतो हे तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला? युरोपच्या २००२ च्या नमुना-निर्देशात द्राक्षघडांसाठी किमान २ किलो आणि किमान ५ घड लागतात, तेही संपूर्ण लॉटमधून विखरून घेतलेले. आणि वर जी ±५०% ची चर्चा झाली ती फक्त प्रयोगशाळेच्या दारापासून पुढची आहे. बागेत नमुना कसा काढला याची अनिश्चितता त्यात धरलेलीच नाही.

लॅबमध्येही तोच प्रश्न छोट्या प्रमाणावर येतो. दोन किलोंतले शेवटी १० ग्रॅम वापरतात. आधी सगळी द्राक्षं एकजीव वाटली नसतील तर ते १० ग्रॅम कशाचं प्रतिनिधित्व करणार? म्हणून चांगल्या लॅबमध्ये कोरडा बर्फ घालून गोठवून वाटतात. नाजूक औषधं वाटताना उष्णतेने विघटित होत नाहीत आणि सालीचे तुकडेही बारीक होतात.

बापू पिंपळगाव

ताई, हे पटलं. लॅबवाल्याला शिव्या द्यायच्या आधी घड कोणी तोडला ते विचारायचं.

पण २०१० सांगतो. क्लोरमेक्वाटचा (वेलीची वाढ रोखणारं औषध, आमच्याकडे सगळे सीसीसी म्हणतात) घोटाळा झाला तेव्हा रिपोर्ट स्वच्छ होते. माल युरोपात जाऊन अडकला. घरंच्या घरं बसली. तेव्हा ही मशीनं काय झोपली होती?

कॉलमवाली

बापू, रास्त प्रश्न. मशीन जे विचाराल तेच सांगतं. त्या हंगामात सीसीसी तपासणीच्या यादीतच नव्हतं.

शिवाय रसायनशास्त्राचा अडसर होता. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने एथिल अ‍ॅसिटेटवर बसवलेली बहु-अंश पद्धत २००७ मध्ये प्रसिद्ध झाली: १० ग्रॅम द्राक्षं, १० मिली एथिल अ‍ॅसिटेट, पाणी शोषायला सोडियम सल्फेट. युरोप-अमेरिकेत २००३ पासून क्वेचर्स ही अर्क काढायची पद्धत रूढ झाली, तिच्यात अ‍ॅसिटोनायट्राइल असतं. दोन्हींत एका झटक्यात ढीगभर औषधं निघतात. पण सीसीसी हा चतुर्थक अमोनियम क्षार, कायम विद्युतभारित. तो पाण्याची संगत सोडून असल्या द्रावकात येतच नाही. त्याला आम्लयुक्त मेथॅनॉल आणि वेगळ्या जातीचा कॉलम (रसायनं वेगळी करणारी नळी) लागतो. त्यामुळे नेहमीच्या बहु-अंश तपासणीत ‘आढळले नाही’ आलं तरी सीसीसीबद्दल त्यावरून काहीच कळत नाही. रिपोर्टवर ‘एवढी औषधं तपासली’ अशी यादी असते ती बघत चला, निकालाइतकीच ती महत्त्वाची.

तारापूरचा

आता माझा प्रश्न. दोन्ही लॅबचे कॅलिब्रेशन आलेख (ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांना मशीन किती संकेत देतं त्याची रेषा) मागवा की. ज्याचा आर-स्क्वेअर (बिंदू रेषेला किती जुळतात त्याचा आकडा, १ म्हणजे तंतोतंत) ०.९९९ च्या वर, तो खरा. आमच्याकडे ०.९९९ नाही आला तर क्यूए (गुणवत्ता विभाग) फाईल पुढे सरकू देत नाही.

चंचुपात्र

याच एका सवयीवर मला बोलायचं होतं, बरं झालं विषय काढलात. वानगीदाखल रचलेले आकडे देतो, एक्सेलमध्ये घालून पाहा.

प्रमाण द्रावणं (नॅनोग्रॅम/मिली): १, ५, १०, ५०, १००, ५००.
शिखरांचं क्षेत्रफळ (मशीनचा संकेत): १००, ५००, १०००, ५०००, ९९००, ४६०००.

वरच्या टोकाला डिटेक्टर थोडा दमतोय, बाकी सगळं सुतासारखं सरळ. साधी रेषा बसवा. उतार ९१.७६, छेद (शून्यापाशी रेषेची उंची) २३१. आर-स्क्वेअर ०.९९९८. क्यूए खूश.

आता त्याच रेषेवरून तीच द्रावणं उलट मोजून बघा. ५०० चे ४९९ येतात, वा! १०० चे १०५. ५० चे ५२. १० चे ८.४. ५ चे २.९. आणि १ चे... उणे १.४. बाटलीत जे आहे ते शून्याहून कमी आहे, असं तुमची ०.९९९८ वाली रेषा सांगतेय.

लघुतम वर्ग पद्धत चुकांचे वर्ग करते. ५०० पाशी २% चूक झाली तर ती क्षेत्रफळात हजाराच्या आसपास जाते. १ पाशी १००% चूक झाली तरी ती फक्त १००. रेषा साहजिकच वरच्या बिंदूची मर्जी राखते आणि खालचे वाऱ्यावर सोडते. आर-स्क्वेअरही त्याच वरच्या बिंदूंवर पोसला जातो.

उपाय म्हणजे भारित रेषा, प्रत्येक बिंदूला १/एक्स-वर्ग इतकं वजन. त्याच आकड्यांवर उतार ९७.९, छेद २.६. उलट मोजणी: १ चे ०.९९, ५ चे ५.१, १० चे १०.२, १०० चे १०१, ५०० चे ४७०. वरचा बिंदू ६% ने कमी दिसतो, पण सगळे बिंदू सुसह्य मर्यादेत आले. नाहीतर सरळ ५०० चा बिंदू काढून टाका. ०.०५ शोधताना ०.५ पर्यंत ताणायचं कारण काय?

कॉलमवाली

+१. युरोपच्या (कीटकनाशक अंश तपासणीच्या) सांते मार्गदर्शिकेतही भर उलट मोजणीवरच आहे: प्रत्येक बिंदू ±२०% च्या आत यायला हवा.

निफाडकरांच्या बाबतीत मात्र हा मुद्दा गौण ठरतो. १० ग्रॅमला १० मिली द्रावक म्हणजे ०.०५ मिग्रॅ/किलो हे ५० नॅनोग्रॅम/मिलीला पडतं, आणि चंचुपात्रांच्या वाईट रेषेवरही तिथे ४% चीच चूक आहे. ज्या औषधांना युरोपात ठरवून दिलेली मर्यादा नाही त्यांना ०.०१ लागू होते, तिथे हीच रेषा १६% ने कमी दाखवेल. तिथे नापास माल पास होऊन जातो.

त्यांच्या निकालात फरक पाडणारी गोष्ट दुसरीच असू शकते: प्रमाण द्रावणं शुद्ध द्रावकात केली होती की द्राक्षाच्या अर्कात? एमएसच्या तोंडाशी थेंबांवर विद्युतभार मर्यादित असतो. द्राक्षातली साखर, आम्लं, रंगद्रव्यं त्याच वेळी कॉलममधून बाहेर पडली तर एसटीच्या दारात होतं तेच होतं, रेटणारे आधी बसतात आणि आपलं औषध फलाटावर राहतं. संकेत कमी, म्हणून निकाल कमी. यासाठी प्रमाण द्रावणं औषधमुक्त द्राक्षाच्या अर्कात करतात, किंवा नमुन्यातच ज्ञात प्रमाण मिसळून वाढ बघतात. समस्थानिकाने चिन्हांकित केलेलं तेच औषध मिळालं तर सर्वात उत्तम, पण ते प्रत्येकासाठी मिळत नाही आणि मिळालं तर परवडत नाही.

दुसरं, पुनर्प्राप्ती, म्हणजे मुद्दाम मिसळलेल्या औषधापैकी किती टक्के परत मोजलं गेलं. ७० ते १२०% चालते. एका लॅबची ७५% असेल आणि तिने दुरुस्ती केली नसेल, तर तिचे ०.०४ हे खरे ०.०५३ निघतात. हे रिपोर्टवर नसेल तर विचारून घ्या.

तारापूरचा

एक्सेलमध्ये घातलं. उणे १.४ खरंच आलं. दुपारपासून तेच बघत बसलोय.

पण एक सांगतो, तीनपैकी दोन जुळणारे धरायचे हा धंदा आमच्याकडे कधीच बंद झालाय. १९९३ मध्ये अमेरिकेत बार कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की नापास निकाल आला म्हणून पास येईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासत बसता येणार नाही, आधी कारण शोधा. एफडीएची ओओएस (मर्यादेबाहेरच्या निकालांची) मार्गदर्शिका (२००६) त्याच वळणावर गेली. तेव्हा निफाडकरांचं पटत नव्हतं ते बरोबर होतं.

निफाडकर

दोन्ही लॅबना फोन केले. पहिली: द्राक्षाच्या अर्कातली प्रमाण द्रावणं, पुनर्प्राप्ती ८८%, दुरुस्ती नाही. दुसरीने पद्धत अगदी तशीच सांगितली, पुनर्प्राप्ती ९४%. वर म्हणाले, ‘नमुना जेमतेम किलोभर होता आणि आम्ही काढलेला नव्हता, रिपोर्टवर तसं लिहिलंय.’ बघितलं. खरंच लिहिलंय, शेवटून दुसरी ओळ.

काढणी आठ-दहा दिवस लांबवतोय. गोडी आहे, मालाला काही होत नाही. मग पूर्ण प्लॉटमधून नमुना. व्यापाऱ्याची तिसरी लॅब रद्द.

ऱ्हाईनकाठ

उत्तम निर्णय. तो नमुना एकाच ठिकाणी एकजीव करून घ्या आणि एक भाग सीलबंद, गोठवून ठेवायला सांगा. पुढे वाद झालाच तर तपासायला तोच माल हाताशी राहील. आणि निकाल ०.०२ च्या आसपास आला तरच निवांत व्हा.

बापू पिंपळगाव

आठ-दहा दिवसांत अवकाळी आला तर? मणी तडकले तर कोणती लॅब भरून देणार?

निफाडकर

बापू, तेवढं वरुणराजाला विचारा. त्याची अनिश्चितता ±१००%.

तारापूरचा

आमच्याकडे भारित रेषेचा विषय काढला. सगळ्यांना पटलं. आता ‘पद्धत बदलायची तर चेंज कंट्रोल भरा, पुन्हा व्हॅलिडेशन करा, अंदाजे तीन महिने’ असा निरोप आलाय. तोपर्यंत १ नॅनोग्रॅमचं द्रावण उणे १.४ च राहणार.

चंचुपात्र

तोवर वरचा बिंदू कमी करता येतो का ते बघा. तुमच्या पद्धतीची मंजूर रेंज आधीच १०० पर्यंत असेल तर ५०० कोणी आणि का घातला हेच आधी विचारा.